पूर्वेकडच्या दोन बांध्या

रश्मी प्रवीण निमगडे हिने जपानात घर घेतलं आणि घराला लागून असलेल्या धानाच्या दोन बांध्या म्हणजे खाचरंही घेतली. चिखलटोल्याच्या बसथांब्यावर हे भल्यामोठ्या फलकावर छापून लागलं होतं. मागे बर्फाचा डोंगर, खाली शुभेच्छुकांची रांग, आणि सगळ्यात मोठा चेहरा रश्मीचा थोरला भाऊ प्रफुल याचा. जिचं अभिनंदन होतं, तिचा फोटो प्रफुलच्या कोपराजवळ कसाबसा मावला होता.

फलक शनिवारी सकाळी लागला आणि दुपारी उतरला, कारण घर घेतलेलं नव्हतं आणि बांध्या तर मुळीच नव्हत्या. निमगडे कुटुंबाने यावर एकमताने तोडगा काढला: फलक लागलाच नव्हता. छापील बाजू खाली करून तो अंगणात अंथरला, त्यावर तूर वाळत घातली, आणि कोणी विचारलंच तर 'कोणता फलक?' असं उलट विचारायचं ठरलं. गावानेही सहकार्य केलं. किराणावाला बुधू तर आपण होऊन म्हणाला, "मी काही पाह्यलं नाई गा प्रफुल. पण फोटो चांगला आला होता तुहा."

रविवारी सकाळच्या बसने बायनाबाई सिंदेवाहीहून माहेरी आल्या. बायनाबाई म्हणजे रामाजी निमगड्यांची थोरली लेक, रश्मीची आत्या. चपला काढायच्या आधीच त्यांनी विचारलं.

"फलक कुठी हाय?"

"कोणता फलक, आत्याबाई?" प्रफुल ठरल्याप्रमाणे म्हणाला.

"ज्याच्यावर 'जपान विजेती' लिवलं होतं. सिंदेवाहीपर्यंत आला तो, मोबाईलवर. हे तुरीखाली काय हाय?"

"ताडपत्री."

बायनाबाईंनी उलटलेल्या कोपऱ्याकडे पाहिलं. "ताडपत्रीले मिशा कोण काढल्या?"

प्रफुलने कोपरा पायाने सरळ केला.

अंगणात खाटेवर रामाजी उन्हाला पाठ देऊन बसले होते. शेजारी त्यांचा मुलगा प्रवीण, म्हणजे रश्मी आणि प्रफुलचा बाप. तो घुग्घुसच्या कोळसा खाणीत नोकरीला. रात्रपाळी संपवून तसाच मोटारसायकलवर आला होता आणि बसल्या बसल्या झोपत होता. त्याच्या कानाच्या पाळीला अजून खाण लागलेली होती.

भानगड काय होती ती प्रफुलने सगळ्यांपुढे पुन्हा मांडली. त्याचं गावात सेवा केंद्र आहे, त्यामुळे त्याला कोणतीही गोष्ट 'मुद्दा क्रमांक एक'पासून सुरू करायची सवय आहे.

रश्मी जपानातल्या एका डोंगराळ गावात म्हाताऱ्यांच्या दवाखान्यात परिचारिका आहे. तिकडे गावंच्या गावं रिकामी होत चाललीत, घरं स्वस्तात मिळतात. तिने एक घर पाहिलं. घराला लागून दोन बांध्या. मालक म्हणतो, द्यायचं तर सगळं मिळून देईन, घर एकीला आणि जमीन दुसऱ्याला असं करणार नाही. घराला अडचण नव्हती, तिकडे परदेशी माणसालाही घर घेता येतं. शेतजमिनीसाठी मात्र गावच्या जमीन समितीची परवानगी लागते, आणि ती काही ऊठसूट मिळत नाही. समिती नाही म्हणाली की बांध्या गेल्या. बांध्या गेल्या की घर गेलं.

"समितीले पटलं पाहिजे का मी खरंच शेती करीन," एवढंच रश्मी फोनवर म्हणाली होती.

हे वाक्य चिखलटोल्यात पोचलं आणि त्याचा तत्काळ अर्थ लागला: सातबारा मागताहेत. यात कोणाला शंका आली नाही. सातबाऱ्यावर नाव नाही तो शेतकरी नाही आणि जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन घेता येत नाही, हे महाराष्ट्रात शेंबड्या पोराला माहीत असतं. जपान एवढा पुढारलेला देश. तो महाराष्ट्राच्या मागे कशाला असेल?

आणि रश्मीचं नाव सातबाऱ्यावर नव्हतं. रामाजींचं होतं, प्रवीणचं होतं, प्रफुलचं होतं. बायनाबाईंचं एकेकाळी असायला हवं होतं.

"म्हणजे आबांनी एक बांधी रश्मीले बक्षीसपत्र करून द्याची," प्रफुल म्हणाला. "आपण सगळ्यांनी संमतीची सही कराची. मंग फेरफार, मंग तिचं नाव. हा झाला मार्ग. आता अडचण."

"अडचण कोणती?" प्रवीणने डोळे न उघडता विचारलं.

"अडचण म्हणजे, बाबा, एकदा नाव चढलं का चढलं. जमिनीचा तुकडा पडते."

प्रफुल खोटं बोलत नव्हता, त्याला खरोखर दुखत होतं. बहिणीचा त्याला एवढा अभिमान होता की त्याने स्वतःच्या खर्चाने फलक छापला, तोही घाईने, दुसऱ्या कोणी आधी छापू नये म्हणून. जपानात बहिणीच्या नावावर जमीन असणं ही छाती फुगवण्याची गोष्ट होती. चिखलटोल्यात असणं ही भानगड होती. दोन्ही गोष्टी त्याच्या मनात शेजारी शेजारी नांदत होत्या, आणि त्यांच्यात कधी धुऱ्यावरून, म्हणजे सामाईक बांधावरून, भांडण झालेलं नव्हतं.

"मीही तेच सांगाले आली," बायनाबाई म्हणाल्या. "मी नाई म्हणते."

प्रवीणचे डोळे उघडले. त्याने गृहीत धरलं होतं की बहीण येईल ती पोरीची बाजू घ्यायला.

"बाई, तू नाई म्हणते?"

"माह्या वेळेस काय झालं? रजिस्ट्रीच्या हाफिसात नेलं. कागद पुढे ठेवला, का बायना, हक्क सोड. मी सातवी पास. मी सही केली, बाकीच्या बायकांनी अंगठे लावले. साहेब म्हणते, अक्षर चांगलं हाय बाईचं. बाहेर आली तं मले हिरवं लुगडं देल्लं. माहं नाव उतरवताना कोणाचा हात थरथरला नाई. आता नातीचं चढवता?"

"तवा तशी रीत होती, बाई," प्रवीण म्हणाला.

"कोण आणली होती ती रीत? जपानवाल्यानं?"

"आत्याबाईचं बरोबर हाय," प्रफुल उत्साहाने पुढे सरसावला.

"तू गप राय. मी तुह्या बाजूनं नाई बोलून राह्यली. मी माह्या बाजूनं बोलून राह्यली."

प्रफुल मागे सरला. जिंकत असताना गप्प राहायला सांगितलं जाणं त्याला नवीन होतं.

रामाजी तुरीच्या शेंगा एकेक उचलून पाहत होते, जणू त्यांतल्या एखाद्या शेंगेत त्यांचं मत होतं.

रंजीता चहा घेऊन बाहेर आली. रंजीता प्रफुलची बायको, माहेर पोंभुर्ण्याचं. तिने सगळं स्वयंपाकघरातून ऐकलं होतं, कारण त्या घरात स्वयंपाकघरातून सगळंच ऐकू येतं. चहात साखर घालताना तिला एक प्रश्न सुचला होता, आणि साखर विरघळेपर्यंत तिने तो नीट ढवळून घेतला होता.

"अहो," ती कप देत म्हणाली, "बुधवारी मले माहेरी नेता ना? भाऊ कागद तयार करून बसला हाय."

"सही कराची नाई," प्रफुल बशीत चहा ओतत म्हणाला. "किती वेळ सांगू तुले?"

"काऊन पण? लुगडं घेतलं हाय म्हणे त्यानं."

"लुगड्यावर जमीन जाते का? कायदा हाय. लेकीचा बरोबरीचा हिस्सा हाय. भाऊ असला म्हणून काय झालं, हक्क तो हक्क. आपण कायले सोडाचा?"

बशी ओठाशी पोचली आणि तिथेच थांबली.

प्रवीण आता पूर्ण जागा झाला होता. बायनाबाईंनी पदर तोंडाला लावला. रंजीताने ट्रे खाली ठेवला आणि अत्यंत नम्रपणे विचारलं, "साखर बरोबर हाय का?"

"बरोबर हाय," प्रफुल म्हणाला.

"नाई, तुमी थांबले म्हणून इचारलं."

प्रफुलने चहा पिऊन टाकला. त्याच्या मनातले ते दोन शेजारी पहिल्यांदाच धुऱ्यावर समोरासमोर आले होते. तो थोडा वेळ मोबाईलमध्ये काहीतरी शोधत राहिला, मग म्हणाला, "ठीक हाय. म्या कुठं नाई म्हटलं? मी अडचण सांगतली फक्त. द्याचीच असन तं नाल्याच्या कोपऱ्यातली द्या."

"ज्याच्यात लाखोळी पण उगवत नाई, ते?" प्रवीणने विचारलं.

"कागदावर कुठं दिसते काय उगवते ते?"

"ते नाई," बायनाबाई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले.

"मधातली द्या. माही."

सातबाऱ्यावर त्या बांधीला नुसता गट क्रमांक होता, पण घरात ती 'बायनाची बांधी' होती. लग्नाआधी बायनाबाई तिच्यात रोवणा, म्हणजे लावणी, करायच्या, लग्नानंतरही रोवण्याच्या दिवसांत हटकून यायच्या आणि दुसऱ्या कोणाला तिच्यात आधी उतरू द्यायच्या नाहीत. रश्मीला पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, कशी धरायची, किती खोल रोवायची, मागे मागे कसं सरकायचं, हे त्यांनीच त्या बांधीत शिकवलं होतं. पोरगी रोवताना गुडघ्यापर्यंत रुतून बसली होती आणि रडायच्या ऐवजी चिखलातच डबा खायला मागितला होता. त्या दिवशी बायनाबाईंनी ठरवलं होतं की ही काहीतरी होणार.

"पण बाई, तू तं नाई म्हणून आली होती," प्रवीण म्हणाला.

"हाव. कारण मले कोणी इचारलंच नाई. तवाही नाई, आताही नाई. मले फलकावरून समजलं." बायनाबाई खाली बसल्या. "मी हक्क सोडला तो भावासाठी सोडला. हवेत नाई सोडला. त्याच्यातलाच तुकडा पोरीले जात असन तं मी कायले आडवी येऊ? पण मले इचारा."

बोलून झाल्यावर त्या समोरच्या भिंतीकडे पाहू लागल्या. त्यांना आता काही सांगायचं उरलं नव्हतं आणि त्या घाईतही नव्हत्या.

हे रामाजींना होतं. तुरीच्या शेंगा त्यांनी खाली ठेवल्या. त्यांचं वय झालं होतं, पण एखादी गोष्ट आपल्याला उद्देशून बोलली गेली आहे हे त्यांना अजून पहिल्या खेपेला कळायचं. लेकीला परवानगी विचारायची म्हणजे काय करायचं, याचा मात्र त्यांना सराव नव्हता. त्यांनी घसा खाकरला. मग दुसऱ्यांदा खाकरला.

"बायना," ते म्हणाले, "तुही बांधी रश्मीले देऊ का वो?"

बायनाबाईंनी आधी चहा संपवला. कप उपडा ठेवला. इतक्या वर्षांनी आलेल्या प्रश्नाला लगेच उत्तर देणं त्यांना बरं दिसलं नाही.

"द्या," त्या म्हणाल्या.

प्रफुलने संमतीपत्र आधीच टाईप करून आणलं होतं. बायनाबाई बोलायच्या आत त्याने 'कोपऱ्यातली'वर काट मारून वर पेनाने 'मधातली' लिहिलं. रामाजींनी सही केली, मग प्रवीणने, मग प्रफुलने. बायनाबाईंच्या सहीची कायद्याने काही गरज नव्हती. त्यांनी प्रफुलच्या हातातून पेन घेतला आणि सगळ्यांच्या खाली, सगळ्यांपेक्षा मोठ्या अक्षरात सही केली. अक्षर खरंच चांगलं होतं.

दुपारी रश्मीचा व्हिडिओ कॉल येणार होता. त्या जमीन समितीतले एक म्हातारे गृहस्थ, मोरिता आजोबा, तिच्यासोबत बसणार होते. त्यांची स्वतःची शेती रश्मीच्या होऊ घातलेल्या बांध्यांना लागून होती आणि समितीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. म्हणजे जे काही होणार ते या माणसाच्या तोंडून होणार होतं. प्रवीणने तोंड धुतलं, कानाची खाण काढली. प्रफुलने इस्त्रीचा शर्ट घातला. मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून स्टुलावर ठेवला आणि पाचही जण खाटेवर असे बसले की खाट आजवर कधी वाकली नव्हती तेवढी वाकली.

पडद्यावर रश्मी आली, लोकरीच्या टोपीत. शेजारी मोरिता आजोबा, थंडीने कान लाल झालेले. त्यांच्या मागे खिडकी, खिडकीत पांढरं शेत.

"जय भीम, आबा," रश्मी म्हणाली.

"जय भीम. बांधीत मीठ कोण टाकलं?"

"बर्फ हाय ते, आबा."

"मले माहीत हाय. त्याईले हसवून पाह्यलं."

मोरिता आजोबा हसले नाहीत, कारण त्यांना कळलं नव्हतं. पण ते कमरेत वाकले. ते वाकले म्हणून प्रवीण वाकला, प्रवीण वाकला म्हणून सगळे वाकले, आणि खाटेने आवाज केला. मग मोरिता आजोबा जपून, एकेक अक्षर ठेवत म्हणाले, "जे-बीमु." रश्मीने शिकवलं असणार. बायनाबाईंना माणूस तिथेच पटला.

प्रफुलने वेळ घालवला नाही. त्याने संमतीपत्र कॅमेऱ्यासमोर धरलं. मग सातबारा धरला. मग दोन्ही मिळून धरले, त्यामुळे पडद्यावर नुसता कागद दिसू लागला.

"भाऊ, काय दाखवून राह्यला?" आतून रश्मीचा आवाज आला.

"पुरावा. तू शेतकरी असल्याचा. सोमवारी बक्षीसपत्र होते, नाव चढलं का उतारा पाठवतो. समितीले सांग, थोडा धीर धरा."

रश्मीने मोरिता आजोबांना काहीतरी सांगितलं. ते पुढे वाकले, चष्मा वर केला, कागद आदराने पाहिला आणि बरंच बोलले.

"ते म्हणतात, कागद फार छान हाय," रश्मी म्हणाली. "शिक्काही छान हाय. पण हे कोणी मांगतलं, असं इचारून राह्यले."

"समितीनं."

"समितीनं कागद नाई मांगतला, भाऊ. मी म्हटलं होतं, त्याईले पटलं पाहिजे. त्याईले इचारायचं हाय का धुऱ्यावरचं गवत कोण कापन."

एवढ्या प्रगत देशाला गवताची चौकशी करावीशी वाटते, हे प्रफुलच्या पचनी पडायला वेळ लागत होता.

"शहरातून लोक येतात, जमीन घेतात, अन् धुऱ्यावर गवत माजते," रश्मी म्हणाली. "मंग किडे होतात, शेजाऱ्याच्या धानात जातात. म्हणून त्याईले भेव वाटते. मी बाहेरची. मी निघून गेली तं?"

बायनाबाई पुढे सरकल्या. "गवत होऊच कायले देते? धुऱ्यावर तूर लाव म्हणा. आपण लावतो तशी. तूर असली का माणूस रोज धुऱ्यावर जाते."

रश्मीने सांगितलं. मोरिता आजोबा एकदम ताठ झाले. मग त्यांनी हाताने हवेत काहीतरी टोचून दाखवलं, एक खड्डा, एक दाणा, एक खड्डा, एक दाणा, आणि पहिल्यांदा हसले.

"ते म्हणतात, त्याईची आई धुऱ्यावर सोयाबीन लावे. आता कोणी नाई लावत. त्याईनं बम वर्षांनी आठवलं."

"शहाणी होती बाई," बायनाबाईंनी निकाल दिला.

"मंग कोण कापन गवत, ते सांग ना त्याईले," प्रवीण म्हणाला. लेकीच्या तोंडून ऐकायचं त्याच्या मनात होतं.

रश्मीने मोरिता आजोबांकडे वळून सांगितलं, आणि मग इकडे वळून मराठीत सांगितलं. "मी म्हटलं, मीच कापीन. अन् मी निघून जाणार नाई. माह्या गावात आमची शेती हाय, तिथंही आमच्या पणजोबाले लोक म्हणत, हे किती दिवस टिकते पाहू. आमी टिकलो."

रामाजी हलले. त्यांना आतापर्यंत फक्त एक प्रश्न विचारायचा होता, आणि तो त्यांनी सकाळपासून, खरं तर लहानपणापासून जवळ बाळगला होता.

त्यांच्या बापाने ही जमीन घेतली तेव्हा कागद पक्का होता. पैसे चुकते झाले होते, सही-शिक्के झाले होते, कोणी बोट ठेवू शकत नव्हतं. फक्त पाणी येत नव्हतं. गावच्या बोडीतलं, म्हणजे लहान तळ्यातलं, पाणी वरच्या लोकांच्या बांध्यांतून खाली यायचं आणि वरच्या लोकांनी ठरवलं होतं की या माणसाच्या बांधीत आपलं पाणी जाणार नाही. जन्म त्याच गावात, घर त्याच गावात, आणि तरी परदेशी. बाप कोणाशी भांडला नाही. त्याने बायकोला सोबत घेतलं आणि जंगलाच्या कडेकडेने, सगळ्यांच्या बांध्यांना वळसा घालून, उन्हाळ्यामागून उन्हाळे खणत स्वतःचा पाट आणला. गाव आज त्याला 'निमगड्याचा पाट' म्हणतं आणि अभिमानाने पाहुण्यांना दाखवतं. वरच्या लोकांची नातवंडंही दाखवतात.

"रश्मे, त्याईले इचार," रामाजी म्हणाले, "पाणी कुठून येते. अन् मधात कोणाची बांधी हाय."

रश्मीने विचारलं. मोरिता आजोबांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

"त्याईच्याच बांधीतून येते, आबा."

"देतील का?"

रश्मीने विचारलं. मोरिता आजोबांना प्रश्न समजला नाही. तिने दुसऱ्या शब्दांत विचारला. त्यांनी पुन्हा कपाळाला आठ्या घातल्या. भाषा समजत होती, प्रश्न समजत नव्हता. शेवटी ते हळूहळू काहीतरी बोलले आणि हाताने उतार दाखवला.

"ते म्हणतात, पाणी तं खालीच जाते. त्याले मी देणारा कोण, अन् थांबवणारा कोण."

रामाजींनी हे वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग जपानीत म्हणायला लावलं. ते नुसता आवाज ऐकत होते. प्रवीणने बापाच्या पाठीवर हात ठेवला आणि दुसरीकडे पाहिलं.

"पण एक अट हाय म्हणतात," रश्मी म्हणाली. "बर्फ गेला का सगळ्यांनी मिळून पाट साफ कराचा असते. फावडं घेऊन याच लागते. नाई आलं तं दंड."

"मंग गाव बेस हाय," रामाजी म्हणाले. "जमीन घे."

कॉल संपला. काही वेळ कोणी खाटेवरून उठलं नाही, कारण एक उठला असता तर उरलेले कलंडले असते. मग प्रफुलच्या डोक्यात हिशेब पूर्ण झाला.

"म्हणजे सातबारा लागतच नाई," तो म्हणाला. "मंग हा कागद..."

त्याने स्टुलाकडे हात नेला. स्टुलावर सातबारा होता. संमतीपत्र नव्हतं. ते रामाजींच्या मांडीखाली होतं.

"आबा, आता कारणच नाई राह्यलं ना."

"तू अकरावीत नापास झाला त्या वर्षी तुहं नाव चढवलं," रामाजी म्हणाले. "तवा कोणत्या देशानं मांगतलं होतं?"

रंजीता आत गेली. तिला हसायचं होतं आणि ते बाहेर करणं शोभलं नसतं. प्रफुलने बहिणीचा विचार केला, बायकोचा विचार केला, बुधवारचा विचार केला, आणि म्हणाला, "मंग मीच उद्या मूलच्या रजिस्ट्री हाफिसात घेऊन जातो तुमाले. माह्या गाडीवर."

"हळू चालव," बायनाबाई म्हणाल्या. "मीही येते. मले ते हाफिस पुन्हा पाहाचं हाय."

सोमवारी बक्षीसपत्र झालं. कारकुनाने विचारलं, नातीला जमीन कशासाठी देता, ती तर जपानात असते म्हणता. रामाजी म्हणाले, तिकडे तिची जमीन आहेच, इकडे नको का? कारकुनाने शिक्का मारला. बुधवारी रंजीता पोंभुर्ण्याला गेली, भावाच्या हातचं जेवली, आणि सही न करता परत आली. गाडी प्रफुल चालवत होता आणि वाटेभर कायद्यावर बोलत होता.

तिकडे बर्फ वितळला. समितीचा होकार आला, घर झालं, बांध्या झाल्या. रश्मीने पाट साफ करतानाचा फोटो पाठवला: हातात फावडं, गुडघ्यापर्यंत चिखल, शेजारी मोरिता आजोबा, आणि मागे एका रांगेत सगळं गाव. रामाजींनी फोटो बराच वेळ पाहिला आणि प्रफुलला विचारलं, जपान नेमकं कुठी येते.

"पूर्वेले, आबा. जरा वरच्या अंगाले."

रामाजींनी बायनाच्या बांधीवर उभं राहून नाल्याच्या पलीकडे पाहिलं. सरळ पूर्वेला, जरा वरच्या अंगाला. मग घरी येऊन त्यांनी अर्ज सांगितला. प्रफुलने तो एक शब्दही न बदलता टाईप केला, आणि सेवा केंद्राच्या इतिहासात पहिल्यांदाच, फी घेतली नाही.

प्रति,
मा. तहसीलदार साहेब, मूल.

विषय: शेतजमिनीच्या चतुःसीमेत दुरुस्ती होऊन मिळणेबाबत.

अर्जदार: रामाजी निमगडे, रा. मौजा चिखलटोला.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये नम्रपणे सादर करण्यात येते की, मौजा चिखलटोला येथील आमच्या जमिनीच्या चतुःसीमेत पूर्वेस 'नाला' अशी नोंद आहे. ही नोंद अपुरी आहे. नाल्याच्या पलीकडे सरळ पूर्वेस व किंचित उत्तरेस गेल्यास अर्जदाराची नात कु. रश्मी प्रवीण निमगडे हिच्या मालकी व वहिवाटीतील धानाच्या दोन बांध्या लागतात. दोन्ही जमिनींच्या मधात काही जिल्हे, काही देश व एक समुद्र येतो. त्यावर अर्जदाराचा कोणताही दावा नाही व पुढेही राहणार नाही.

सबब, पूर्वेस 'नाला' ऐवजी 'रश्मीची बांधी' अशी दुरुस्ती करण्यात यावी. आणि या बांधीपासून त्या बांधीपर्यंत मधात येणाऱ्या सर्व खातेदारांनी आपापल्या जमिनीतून पाण्याला वाट द्यावी, असे आदेश आपल्या स्तरावरून निर्गमित व्हावेत, ही विनंती.